गणितात मागे पडलेल्या मुलांचा जादा वर्ग: नेमकं शिकवायचं काय?

पाटीपेन्सिल

नमस्कार. गणितात मागे पडलेल्या मुलांचा जादा वर्ग मी दोन वर्षांपासून घेते आहे. पाचवी ते सातवीची मुलं, आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास. पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं आणि ते का गेलं हे मला फार उशिरा कळलं, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिल्या वर्षी सकाळी वर्गात जे शिकवलं जायचं तेच मी दुपारी पुन्हा शिकवायचे. जरा सावकाश, आणखी चार उदाहरणं घेऊन. मुलं माझ्यासमोर बरोबर सोडवायची आणि चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला वाटलं सराव कमी पडतोय, म्हणून मी सराव वाढवला. आता मागे वळून बघताना वाईट वाटतं. ज्या मुलाची वजाबाकीची रीतच चुकीची होती, त्याच्याकडून मी ती चूक रोज वीस वेळा गिरवून घेत होते.

दुसऱ्या वर्षी वर्ग सुरू करण्याआधी मी एकेकाला दहा मिनिटं शेजारी बसवलं, ३०४ − १७८ ही वजाबाकी दिली आणि सांगितलं की सोडवताना मनात जे येतं ते मोठ्याने बोल. तीन मुलांची तीन उत्तरं आली: २७४, १७६ आणि १३६. बरोबर उत्तर १२६. वहीत तिघांनाही सारखीच लाल फुली मिळाली असती, पण तिघं अगदी वेगळ्या ठिकाणी अडकले होते.

२७४ वाला प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता. चारातून आठ जात नाहीत, मग आठातून चार. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य. उसना घेणं ही गोष्ट त्याच्या जगात नव्हतीच. १७६ वाली उसना घेत होती, पण दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर तिने ते घर ओलांडून थेट शतकाकडून घेतलं आणि एककाला दिलं. दशकाचं शून्य तसंच राहिलं आणि तिथे तिनेही सातातून शून्य वजा केला. १३६ वाल्याला जवळजवळ सगळं येत होतं. शून्याचे दहा केले, त्यातला एक एककाला दिला, पण दिल्यावर नऊ उरतात हे त्याच्या डोळ्यांपुढे नव्हतं. पहिल्याला स्थानिक किंमत मुळापासून हवी. तिसऱ्याला बहुधा एक दुपार पुरेल. मी वर्षभर तिघांना एकाच फळ्यासमोर बसवलं होतं.

आता माझ्या अडचणी. सातवीच्या मुलीला तिसरीची वजाबाकी शिकवायला घेतली की वर्गशिक्षक विचारतात, परीक्षा अपूर्णांकांची आहे, तुम्ही हे काय करताय? मोठी मुलं काड्यांचे गठ्ठे बघून लाजतात. आणि सत्तावीस मुलांना मी एकटी पुरत नाही. मदतीला कोणी घ्यायचं म्हटलं तर त्यांना तयार कसं करायचं? ज्यांनी असे वर्ग चालवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_मास्तर

फार महत्त्वाचा विषय. तुम्हाला जे दिसलं ते जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली तपशिलात मांडलं आहे. मुलं आकडेमोडीत वाटेल तशी चुकत नाहीत. त्यांच्या डोक्यात एक नियम असतो, तो चुकीचा असतो, पण ती तो इमानेइतबारे पाळतात. त्यामुळे पुढच्या गणितात मूल कोणतं चुकीचं उत्तर लिहील हेसुद्धा आधी सांगता येतं. मी वजाबाकीची वही तपासताना बरोबर-चूक करणं सोडून "हे उत्तर आलं कसं?" एवढंच बघू लागलो, तेव्हा माझं शिकवणं बदललं. पण तोवर नोकरीची निम्मी वर्षं सरली होती आणि त्या आधीच्या मुलांचा विचार अजूनही मनातून जात नाही.

पाढ्यांबद्दल मात्र माझं मत आजच्या लोकांना आवडणार नाही. पाढे पाठच हवेत. ४२/५६ ला संक्षिप्त रूप देताना जो मुलगा सात सक बोटांवर मोजतो, तो बेचाळीसपर्यंत पोचेतो आपण काय करत होतो हे विसरलेला असतो. एका वेळी मनात धरून ठेवायची जागा फार थोडी असते. ती सगळी पाढ्यांतच खर्च झाली तर अपूर्णांक कशाने समजायचे?

संख्यारेषा

मास्तर, पाढे हवेत याबद्दल वाद नाही. वाद ते कसे यावेत याबद्दल आहे. जी मुलं मागे पडलेली असतात त्यांनी दोन ते दहाचे पाढे आजवर अनेकदा पाठ करून अनेकदा विसरलेले असतात. त्यांना पुन्हा "पाठ कर" म्हणणं म्हणजे पुन्हा नापास हो म्हणणं.

मी मुलांसमोर दहा बाय दहाचा तक्ता ठेवते आणि त्यांना काय काय येतं ते खोडत जायला सांगते. एकचा, दोनचा, पाचचा आणि दहाचा बहुतेकांना येतो. ते गेले. मग सात त्रिक आणि तीन सत्ते एकच, म्हणून जोडीतला एक गेला. शंभरातले शेवटी फक्त २१ उरतात. तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ यांचे आपसांतले गुणाकार, बस. "फक्त एकवीस?" असं विचारणारा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग त्या २१ मधले रोज दोन-तीन घ्यायचे, तेही आधारासकट. सात आठे अडत असेल तर सात साते एकोणपन्नास येतात का? त्यात अजून एक सात मिळव. रोज पाच मिनिटं, आणि चारचौघांत घड्याळ लावून कधीच नाही. गणिताची भीती असलेल्या मुलाच्या मनातली जी थोडी जागा मास्तर म्हणतात, ती भीतीच खाऊन टाकते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये हेच दाखवलं होतं. आपण घड्याळ लावतो तेव्हा पाठांतर तपासतोय असं आपल्याला वाटतं, मोजत मात्र आपण भीतीच असतो.

सातवीचीआई

माझी मुलगी अशा वर्गाला जाते. शाळेत पहिल्या दिवशी सगळ्या वर्गासमोर नावं वाचून "तुम्ही उठा आणि त्या खोलीत जा" असं सांगितलं गेलं. ती घरी येऊन म्हणाली, आई, मी ढ आहे हे आता सगळ्यांना कळलं. शिवाय तो वर्ग चित्रकलेच्या तासाला ठेवला होता, आणि चित्रकला हीच तिला शाळेतली एकमेव आवडती गोष्ट होती.

शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वर्ग सुरू करणाऱ्यांनी कृपया या दोन गोष्टींचा विचार करा. आम्ही पालकांनी घरी काय करावं हेही कुणी सांगेल का? मी शिकवायला बसते, माझी रीत वेगळी निघते आणि दोघींची रडारड होते.

पाटीपेन्सिल

@सातवीचीआई, तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबले. आमच्याकडेही पहिल्या वर्षी नावं वाचली होती. आता यादी वर्गात वाचत नाही. प्रत्येकाशी आणि त्याच्या पालकांशी आधी स्वतंत्र बोलते. खेळ, चित्रकला आणि मधली सुट्टी यांना हात लावायचा नाही, हेही ठरवलं आहे.

घरी तुम्ही शिकवू नका, ऐका. रोज एकच गणित, तिला आलेलं, तिने तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्ही फक्त "असं का केलंस?" विचारायचं. ती चुकली तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. कुठे अडली ते चिठ्ठीवर लिहून बाईंकडे द्या. त्या चिठ्ठीतून त्यांना जे कळेल ते चाचणीतून कळणार नाही.

छेदअंश

मी शिक्षक नाही, दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून अशा वर्गाला जातो. मोठ्या मुलांच्या लाजेवर आम्हाला सापडलेला उपाय सांगतो. काड्यांऐवजी खेळण्यातल्या नोटा. शंभराच्या, दहाच्या, आणि एकची नाणी. सहावी-सातवीच्या मुलाला पैसे मोजण्यात काही बाळबोध वाटत नाही. ३०४ म्हणजे शंभराच्या तीन नोटा आणि चार नाणी. आठ नाणी द्यायची आहेत, चारच आहेत, दहाची नोट एकही नाही. मग शंभराची एक मोडायची, दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक मोडून दहा नाणी घ्यायची. हातात दहाच्या किती उरल्या? नऊ. तो नऊ मुलाच्या हातात असतो, सांगावा लागत नाही.

फक्त एक काळजी घ्या. आम्ही आधी नोटांची गणितं आणि वहीची गणितं वेगवेगळ्या दिवशी घ्यायचो. मुलं नोटांनी सगळं करायची आणि वहीत पुन्हा २७४. नोट मोडली की त्याच क्षणी वहीतला अंक खोडून वर नवा लिहायचा, हे सुरू केल्यावर फरक पडला. जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये हाताने करणं, चित्रात बघणं आणि चिन्हांत लिहिणं असे तीन टप्पे मांडले. माझा अनुभव असा की ते टप्पे सुटे ठेवले तर मूल पहिल्यावरच बसून राहतं.

जुना_मास्तर

@संख्यारेषा, २१ चा हिशेब मी कागदावर करून पाहिला. बरोबर आहे. इतकी वर्षं शिकवून हे असं मोजून कधी पाहिलं नव्हतं. घड्याळाबद्दलही तुमचं ऐकतो. पण एक अट: आधाराने काढलेला गुणाकार महिन्याभराने आधाराशिवाय यायला हवा. कायमचा आधार म्हणजे कुबडी.

संख्यारेषा

मान्य. म्हणूनच रोज पाच मिनिटं.

मागचा_बाक

मी स्वतः असा मुलगा होतो. अपूर्णांकांत अडकलो तो दहावीपर्यंत. १/२ + १/३ = २/५ हे मी अनेक वर्षं लिहिलं. अंशात अंश, छेदात छेद, किती सरळ! प्रत्येक शिक्षकाने सांगितलं "चूक, लसावि काढ". मी लसावि काढायचो, पण माझं उत्तर चूक का हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून जरा घाई झाली की मी परत माझ्या रीतीवर यायचो, कारण माझी रीत मला कळत होती आणि लसाविची कळत नव्हती.

पुढे एका मित्राने विचारलं, २/५ अर्ध्याहून जास्त की कमी? कमी. मग अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर अर्ध्याहून कमी कसं झालं? त्या एका प्रश्नाने माझी रीत मोडली. लसावि तेव्हा शिकलो. जादा वर्गात शिकवणाऱ्यांना एवढंच सांगेन, चुकीची रीत मुलाच्या हातूनच मोडू द्या. तुम्ही नुसती दुसरी रीत वर ठेवलीत तर जुनी खाली जिवंत राहते.

विशेषशिक्षिका

@मागचा_बाक, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे.

माझं क्षेत्र थोडं वेगळं. दर शंभरात साधारण तीन ते सात मुलांना गणनअक्षमता (डिस्कॅल्क्युलिया), म्हणजे संख्या समजण्यातच अडचण, असते असं मानलं जातं. टेबलावर तीन वस्तू ठेवल्या तर आपण न मोजता तीन म्हणतो, ही मुलं मोजतात. ८ मोठे की ५ हे सांगायलाही वेळ लागतो. बोटं सुटत नाहीत. पण असं मूल दिसलं की लगेच शिक्का मारू नका. पाया कच्चा राहिलेल्या मुलातही यातलं बरंच दिसतं. नीट पातळी शोधून, सातत्याने काही महिने शिकवूनही पुढे सरकत नसेल, तर पालकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. तोवर शिकवणं थांबवायचं नाही, कारण दोघांनाही जे हवं ते बऱ्याच अंशी सारखंच आहे: लहान पायऱ्या, हाताळायला वस्तू, भरपूर वेळ.

अजून एक. आपल्या भाषेत संख्यांची नावं अवघड आहेत आणि कच्च्या मुलांना ती फार छळतात. "पंचवीस" ऐकताना पाच आधी येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. "एकोणसत्तर" ऐकलं की सत्तर कानात राहतं आणि हात ७ लिहून मोकळा होतो. जर्मन मुलांनाही पंचविसात पाच आधी ऐकावा लागतो, त्यामुळे हे आपलंच दुखणं नाही. पण आपण ते गृहीत धरतो. पाचवीतल्या मुलाला तोंडी सांगितलेल्या दहा संख्या लिहायला लावा. वजाबाकीतल्या काही चुका तिथेच सुरू झालेल्या आढळतील.

छेदअंश

स्वयंसेवकांबद्दल लिहायचं राहिलं होतं. गणितात हुशार माणूसच हवा असं नाही. मुंबई आणि बडोद्यात बालसखी नावाचा कार्यक्रम झाला होता. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर नेऊन पायाभूत गोष्टी शिकवायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्यांचे.

आमच्याकडे नव्या स्वयंसेवकाला दोनच गोष्टी पक्क्या शिकवतो. एक, पेन्सिल मुलाच्या हातातून घ्यायची नाही. हुशार कॉलेजची मुलं नेमकं हेच करतात, "अगं सोपं आहे, बघ" म्हणत स्वतःच सोडवून दाखवतात. दोन, प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांचे तास तपासले तेव्हा प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबलं जातं असं दिसलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायला लागली. पाच सेकंदांची शांतता शिकवणाऱ्याला फार मोठी वाटते. सहन करायला शिकावं लागतं.

संख्यारेषा

अभ्यासक्रमाच्या अडचणीकडे येते. वर्गशिक्षकांचं म्हणणंही खोटं नाही. फक्त मागचंच शिकवत राहिलो तर मुख्य वर्गात मूल रोज नव्याने हरतं.

मी मागे न जाता पुढून मागे जाते. दोन आठवड्यांनी वर्गात कोणता धडा येणार ते विचारते. समजा अपूर्णांकांची बेरीज. त्याला काय काय लागतं? समान भाग म्हणजे काय, १/३ आणि १/४ यात मोठा कोण, २/४ आणि १/२ एकच कसे, आणि थोडे पाढे. यातलं ज्याचं जे गळलंय तेवढंच आधी घेते. मग वर्गात धडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचं पहिलं उदाहरण जादा वर्गात सोडवते. दुसऱ्या दिवशी वर्गात शब्द ओळखीचे असतात. जो मुलगा कधीच हात वर करत नव्हता तो करतो. त्याचा परिणाम मी कितीही सराव देऊन मिळवू शकले नसते.

अपूर्णांकांवर वेळ घालवायला घाबरू नका. रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती तपासली होती. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती येतो, यावरून पुढे माध्यमिक शाळेतल्या गणिताचा अंदाज येतो. पण वर्तुळाचे तुकडे रंगवण्यावर थांबू नका. तिथे ४/३ आला की मूल विचारतं, तीन भागांतले चार कसे रंगवू? संख्यारेषेवर तो प्रश्नच पडत नाही, एकच्या पुढे एक पाऊल. (माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.)

सराव देताना मिसळून द्या. डग रोरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात एकाच प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तर पहिले २० टक्क्यांवर, दुसरे ६३ वर. ते कॉलेजचे विद्यार्थी होते. पण धागाकर्तीने लिहिलेलं "माझ्यासमोर यायचं, चार दिवसांनी नाही" याचं एक कारण मला इथे दिसतं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्याने परत लिहिते आहे, कारण आधी करून बघायचं होतं.

गट इयत्तेवर न करता अडचणीवर केले. स्थानिक किमतीचा एक, पाढे-भागाकाराचा एक, अपूर्णांकांचे दोन. आठवीतल्या चार मुली मदतीला येतात, पेन्सिल न घेण्याचा नियम त्या माझ्याहून कडक पाळतात. सुरुवातीची दहा मिनिटं मिसळलेली उजळणी, मधली पंचवीस गळलेल्या भागाची, शेवटची दहा उद्याच्या धड्याची. या शेवटच्या दहा मिनिटांमुळे वर्गशिक्षकांचा विरोध मावळला. आता ते स्वतःहून पुढचा धडा कळवतात.

८ + ४ = ▢ + ५ हा प्रश्नही सगळ्यांना दिला. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात सहावीच्या १४५ मुलांना हाच प्रश्न दिल्याचं वाचलं होतं. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं होतं. माझ्या सत्तावीसपैकी चौघांनी ७ लिहिले. बाकीच्यांना बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असं वाटतं. आणि यांना आम्ही समीकरणं शिकवत होतो! तराजू काढून एक आठवडा फक्त यावरच घालवला.

१३६ वाला मुलगा तिसऱ्या दिवशी गटातून बाहेर पडला. १७६ वालीला दोन आठवडे लागले. २७४ वाला अजून स्थानिक किमतीवर आहे. तोंडी संख्या लिहायला लावल्यावर कळलं की त्याला पंचवीस आणि बावन्न यांतच गोंधळ होतो. विशेषशिक्षिका ताई, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तिथे बघितलंच नसतं.

एक जण मात्र यायचा बंद झाला. सहावीतला. मित्र चिडवतात म्हणून.

मागचा_बाक

त्याला शिकायला बोलावू नका. त्याला जे येतं त्यात पाचवीच्या मुलांना मदत करायला बोलावता येईल का? मला त्या वयात कुणी तसं बोलावलं असतं तर मी गेलो असतो.

पाटीपेन्सिल

पाढ्यांच्या गटात त्याचे सहा आणि सातचे पाढे पक्के झाले होते. पाचवीतल्या दोघांना नेमके तेच अडतात. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला गाठून विचारते.